खोलीत आणखी कोण होतं

शारजात पहिली काही वर्षं माझा विषय काय आहे, हे मला धड कोणी विचारलंच नाही. ज्यांनी विचारलं ते उत्तर ऐकून गप्प झाले, नाहीतर हसले. अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं सहा. पहिल्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी तिळगूळ देता देता विचारलं, "तुम्ही पीएचडी ना? कशात?" मी म्हणाले, "अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासात." त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "अगं बाई, काळ्यांच्या? त्याचा इथे काय उपयोग?" बाकीच्या हसल्या. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

उपयोग नव्हताच. पुण्यात असताना मी सात वर्षं मायक्रोफिल्म वाचून डोळे फोडून घेतले होते. गुलामगिरी संपून सत्तरेक वर्षं झाल्यावर, लहानपणी गुलाम असलेले जे म्हातारे-म्हाताऱ्या अजून जिवंत होते, त्यांच्या मुलाखती तिथल्या सरकारने घ्यायला लावल्या. हजारो पानं भरतील एवढ्या. त्यातले कितीतरी म्हातारे सांगतात, मालक चांगला होता, खायला पोटभर मिळायचं. माझा प्रबंध एवढंच म्हणत होता, की जरा थांबा, आधी विचारणारा कोण ते बघा. विचारायला आलेली गोरी बाई बहुतेक वेळा त्याच गावची असायची, कधी तर जुन्या मालकाच्याच नात्यातली. तिच्यासमोर म्हातारा दुसरं काय सांगणार? एका म्हातारीची तर दोनदा मुलाखत झाली, एकदा गोऱ्या बाईने घेतलेली आणि एकदा काळ्या माणसाने. पहिलीत मालक देवमाणूस आहे, दुसरीत फटके आहेत. म्हातारी तीच, आयुष्य तेच.

म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. प्रत्येक साक्षीसाठी एक कार्ड करायचं आणि साक्ष उतरवण्याआधी कार्डाच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या. विचारतंय कोण. बसलेत कुठे. खोलीत आणखी कोण आहे. तिसरी गोष्ट बहुतेक लोक लिहीत नाहीत आणि सगळं त्यातच असतं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत याच गोष्टीचं कौतुक केलं होतं. मी त्या कौतुकावर बरीच वर्षं जगले.

नवऱ्याला नोकरी लागली रुवैसला, शारजापासून चारेक तासांवर. तिथल्या रिफायनरीत कामं घेणारी एक कंत्राटी कंपनी होती आणि हा तिच्या कॅम्पचा ॲडमिन मॅनेजर. म्हणजे शेकडो माणसांच्या खोल्या, मेस, रजा आणि पासपोर्ट याच्या ताब्यात. रुवैसला मुलीसाठी हवी तशी शाळा नव्हती, म्हणून आम्ही दोघी शारजात राहिलो. तो गुरुवारी दुपारी यायचा, शनिवारी पहाटे निघून जायचा. मी आधी एका इंडियन शाळेत सोशल स्टडीज शिकवलं. त्या पुस्तकात अमेरिकेची गुलामगिरी अर्ध्या पानात आटोपली होती आणि तेवढंही परीक्षेला नव्हतं. मग एक नवीन खाजगी कॉलेज निघालं, अमेरिकन पद्धतीचं, आणि त्यांना तासावर शिकवणारं कोणीतरी हवं होतं.

विभागप्रमुख अमेरिकन होता, दक्षिणेकडचा, गोरा, बोलायला लाघवी. माझा बायोडेटा त्याने दोनदा वाचला. "इंडियन? अँड ब्लॅक हिस्टरी? हाउ इंटरेस्टिंग!" असं म्हणून त्याने मला अमेरिकन इतिहासाचा पहिल्या वर्षाचा कोर्स दिला, तासावर. माझ्या विषयाचा स्वतंत्र कोर्स मी मागितला तेव्हा तो म्हणाला, पर्मनंट झालीस की बघू. मी पर्मनंटचं विचारलं की म्हणायचा, पब्लिकेशन हवं. मधल्या काळात सव्वीस वर्षांचा एक पोरगा मिशिगनकडून आला आणि थेट पर्मनंट झाला. त्याचा विषय रेल्वे होता. गुलामांच्या मुलाखतींवरचं लेक्चर त्याने माझ्या नोट्स वाचून दिलं आणि नंतर कॉरिडॉरमध्ये माझे आभार मानले. मी "नो प्रॉब्लेम" म्हणाले. असं म्हणणारी मी एकटी नव्हते, तिथे सगळेच इंडियन दिवसातून वीसदा नो प्रॉब्लेम म्हणायचे.

शेवटी एकदा विभागप्रमुखानेच सुचवलं. तुझी पद्धत चांगली आहे, तीच इथे वापर. गल्फमधल्या कामगारांच्या मौखिक इतिहासावर एक पेपर लिही. आमच्या त्रैमासिकात आपण छापू, आणि मग बोर्डापुढे तुझी केस ठेवायला माझ्या हातात काहीतरी असेल. मी बसने घरी येईपर्यंत पेपरचं नाव ठरवलं होतं. इतकी मी आसुसलेली होते.

कामगार कुठे भेटणार, हा प्रश्नच नव्हता. नवऱ्याच्या कॅम्पमध्ये कोकणातली, साताऱ्याकडची माणसं होती. मी गुरुवारी रात्री जेवताना विषय काढला. त्याने आधी माझ्या नव्या टेपरेकॉर्डरकडे बघितलं.

"केवढ्याला?"

"दोनशे."

"दोनशे दिरहम, म्हणजे बावीसशे रुपये. या मशीनमध्ये माझी माणसं काय बोलणार? घाम आणि मेसची डाळ."

"तेच हवंय मला."

"ये की मग. मी बोलावतो एकेकाला. पण कंपनीचं नाव यायला नको हां. आणि उगाच काही वाकडंतिकडं नको, यार. कामगारांच्या सोयींचं ऑडिट चालू आहे."

मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. माझ्याच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात हेच संवाद होते, फक्त इंग्रजीत आणि दुसऱ्या काळातले. पण मला वाटलं, हा माझा नवरा आहे, मळ्याचा मालक नव्हे. नोकरी आणि गुलामगिरी एक नव्हे, हे तर मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती माणसं पगारावर आली होती, करार करून आली होती. सात वर्षं हाच फरक बारकाईने मांडण्यात गेली होती आणि त्या शुक्रवारी तोच फरक मी डोळ्यांवर पट्टीसारखा बांधला.

पहाटेच मी त्याच्याबरोबर रुवैसला गेले. मुलाखती झाल्या त्या त्याच्या ऑफिसात. कॅम्पमध्ये एसी असलेली, शांत अशी तीच एक खोली होती. तो आपल्या टेबलाशी फायलींवर सह्या करत बसला होता. त्याच्या मागे राखाडी स्टीलचं कपाट, कुलूप लावलेलं. त्या कपाटात सगळ्यांचे पासपोर्ट होते हे मला माहीत होतं आणि येणाऱ्या प्रत्येक माणसालाही. प्रत्येक जण आत आला की आधी कपाटाकडे बघायचा, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे. मी अकरा जणांशी बोलले. मेसमधून बिनदुधाचा सुलेमानी चहा येत होता.

सगळ्यांनी सांगितलं, सगळं बरं आहे. खोलीत आठ जण असतो, पण आपलीच माणसं आहेत. जेवण चांगलं. उन्हाचं काय, सवय होते. साहेब चांगले आहेत, आजारी पडलं तर गाडी देतात. मी विचारत गेले, ते सांगत गेले आणि मी खूश होत गेले. काय मोकळेपणाने बोलतायत, असं मला वाटलं. ते मराठीत बोलत होते, म्हणून मला ते मोकळं वाटलं. समोरची बाई आपल्या भाषेतली असली की माणूस खरं बोलतो, असला भाबडेपणा मी विद्यार्थ्याच्या पेपरात लाल शाईने खोडला असता.

सातवा होता तो गुहागरकडचा वेल्डर, पस्तिशीचा, मनगटांवर ठिणग्यांचे बारीक डाग. त्यानेही तेच सांगितलं. "काय तरास नाय, वहिनी. सायेब देवमानूस हायत." तेवढ्यात गेटवरून फोन आला म्हणून नवरा उठून बाहेरच्या खोलीत गेला. दार अर्धवट लोटलेलं राहिलं.

वेल्डर माझ्या मशीनकडे बोट करून हळूच म्हणाला, "ती जरा बंद करा, वहिनी."

मी बंद केली.

"बापूस हातरुणावर हाय. माजं नाव घेतो दिवसभर. आठ महिने झाले रजा मागतोय. सायेब म्हनतात, शटडाऊनचं काम होऊ दे, रिफायनरी बंद हाय तवर दुरुस्ती उरकू दे, मग बघू, इन्शाल्ला. सारखं इन्शाल्ला. पासपोर त्या कपाटात. तुमी सांगितलंत तर ऐकतील. पन माजं नाव नका सांगू हां."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

नवरा परत आला. वेल्डर लगेच ताठ बसला आणि म्हणाला, "जेवान येकदम फस्क्लास, वहिनी." मी मशीन पुन्हा चालू केली.

त्या दुपारी गेस्टरूममध्ये बसून मी अकरा जणांची बारा कार्डं केली. सातव्यासाठी दोन. दुसऱ्या कार्डाच्या डोक्यावर लिहिलं: विचारतेय मी. ऑफिस. खोलीत फक्त तो आणि मी, दार अर्धं उघडं. खाली त्याचे शब्द, त्याच्याच बोलीत, आठवतील तसे. ती कार्डं बिस्किटांच्या एका निळ्या डब्यात गेली. बाकीच्या अकरा कार्डांवर तिसऱ्या गोष्टीची ओळ मी कोरी ठेवली. आळसाने नाही. ठेवायचीच म्हणून ठेवली.

परतीच्या गाडीत, तरीफ गाव मागे पडल्यावर, मी नवऱ्याला म्हणाले, "एकाचे वडील फार आजारी आहेत रे. सोड ना त्याला महिनाभर."

"कोणाचे?"

"नाव नको विचारूस."

"अगं, तीनशे जणांतून कोणाला सोडू मग? काहीतरी सांगशील की नाही?"

"गुहागरकडचा आहे. वेल्डर."

"हं," तो म्हणाला. "बघतो."

नाव मी सांगितलं नव्हतं. दिलेला शब्द पाळला याचं मला समाधान वाटत होतं. नाव झाकलं की माणूस झाकला जातो, असं मी धरून चालले होते. गाव आणि धंदा सांगितला की नाव सांगायची गरजच उरत नाही, हे प्रबंधासाठी ज्या बाईने मुलाखतींच्या छापील पानांवरून म्हाताऱ्यांची खरी नावं शोधून काढली होती, त्या बाईला कळू नये? त्या कॅम्पमध्ये गुहागरचा वेल्डर एकच होता. नवऱ्याला त्याचा चेहरा गाडीतच आठवला असणार.

पुढच्या गुरुवारी मी विचारलं, "सोडलास का त्याला?"

"कोणाला? तो? त्याला हलवलाय. बेटावरच्या साइटवर पाठवला."

"अरे, पण त्याचे वडील..."

"सगळ्यांचेच वडील आजारी असतात. मॅनेजरच्या बायकोला गाठून रजा मिळते असं एकदा कळलं, की उद्या तुझ्या किचनमध्ये रांग लागेल. खलास. हा विषय नको."

मी भांडले. खूप भांडले, मुलगी आतून दार लावून बसेपर्यंत. पण भांडून झाल्यावर मी ताटं वाढली, आणि पेपर कपाटातून बाहेर काढून पूर्ण केला. त्यात तो वेल्डर 'माहितीदार क्रमांक सात' झाला. क्रमांक सात व्यवस्थापनाबद्दल समाधानी होता. पद्धतीच्या परिच्छेदात मी लिहिलं, मुलाखती मोकळ्या वातावरणात घेण्यात आल्या. ते वाक्य इंग्रजीत फार ऐटदार दिसत होतं.

अडीच-तीन महिन्यांनी प्रूफं आली. मी ती जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. नवरा चहा पीत होता. कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "तो तुझा गुहागरवाला. बाप गेला त्याचा. सोडला आता त्याला, शटडाऊन संपलंय."

"पोचला?"

"कसला पोचतोय. तिसऱ्या दिवशी पोचला म्हणे."

प्रूफं समोर होती. पेन हातात होतं. पान नऊवर क्रमांक सात अजून समाधानी होता. तो परिच्छेद काढता आला असता, तळटीप देता आली असती, पेपरच मागे घेता आला असता. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि सोमवारी प्रूफं परत पाठवली. हे मी कोणाच्या दबावाखाली केलं नाही. बोर्डाची मीटिंग पुढच्या महिन्यात होती, एवढंच.

मी पर्मनंट झाले. दारावर नावाची पाटी लागली. विभागप्रमुखाने केक आणला आणि माझ्या पेपरला रिफ्रेशिंगली पॉझिटिव्ह म्हणाला. अमेरिकेच्या दक्षिणेतला गोरा माणूस माझ्यासारखीच्या कामाला हे विशेषण लावतो, याचा अर्थ काय ते मला त्याच क्षणी कळलं. मी केक खाल्ला. घरी नवऱ्याने पेपरच्या तीन झेरॉक्स काढून घेतल्या. त्यातली एक त्याने कंपनीच्या फाइलला लावली, ऑडिटवाल्यांना दाखवायला. तेही मला नंतर कळलं आणि त्यावर मी भांडलेसुद्धा नाही.

माझा कोर्स मिळाला, ऐच्छिक, सात-आठ विद्यार्थ्यांचा. पाच वर्षं मी तो शिकवला आणि चांगला शिकवला. पहिल्याच तासाला त्या म्हातारीच्या दोन मुलाखती वाचून दाखवायची आणि फळ्यावर तीन गोष्टी लिहायची. मुलं माना डोलवायची. मला स्वतःचा आवाज ऐकून शिसारी यायची, तरी दर सप्टेंबरला मी फळ्यासमोर उभी राहायची. कारण दुसरं मला काहीच येत नव्हतं.

पाचव्या वर्षी माझी मुलगी त्याच कॉलेजात आली आणि तिने माझाच कोर्स घेतला. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "व्हाय नॉट? ऑल माय लाइफ आय हॅव हर्ड अबाउट धिस." सहामाहीचं असाइनमेंट मी दरवर्षी तेच द्यायची. कोणतीही एक छापील साक्ष निवडा आणि ती कशी घेतली गेली ते तपासा. बाकीच्यांनी अमेरिकेतल्या साक्षी निवडल्या. मुलीने लायब्ररीतून कॉलेजचं जुनं त्रैमासिक काढलं.

तो शुक्रवार होता, साडेअकराची वेळ. खालच्या मशिदीत लोक जमायला लागले होते. मी डायनिंग टेबलाशी भेंडी चिरत होते. नवरा सोफ्यावर टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत होता, माझ्यापासून चार हातांवर. मुलगी पेपर, वही आणि पेन्सिल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. तिने पान नऊ उघडलं होतं.

"आई, कॅन आय इंटरव्ह्यू यू? फॉर द असाइनमेंट."

"आत्ता? भाजी व्हायचीय गं."

"फाइव्ह मिनिट्स. नंबर सेव्हन. तो सेज ही इज व्हेरी हॅपी." तिने मान वर केली. "वॉज बाबा इन द रूम?"

माझ्या हातातली सुरी थांबली. निळा डबा माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे होता. त्यातलं दुसरं कार्ड तिला वाचता आलं नसतं, तिला मराठी वाचायला मी कधी शिकवलंच नव्हतं. मला ते तिला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं. इथे, या खोलीत. वाचावं असं मला वाटत होतं. त्या माणसाला दिलेला शब्द गाडीत एकदा त्याच्या विरुद्ध मोडला होता, तो आता त्याच्या बाजूने मोडायचा होता, एवढंच. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून सोफ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान वळवली नव्हती. पण रिमोट धरलेला त्याचा हात हलायचा थांबला होता.

"असेल," मी म्हणाले. "त्याचंच ऑफिस ते. येत जात होता."

"सो वॉज एव्हरीथिंग ओके? फॉर दॅट मॅन?"

"हो गं," मी म्हणाले. "काही त्रास नव्हता. सगळं बरं होतं."

मी परत भेंडी चिरायला घेतली. मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सोफ्याकडे बघितलं. मग वहीचं नवं पान उघडून, मी शिकवलं होतं तसं, उत्तर लिहिण्याआधी वरच्या तीन ओळी भरल्या. उलट्या बाजूनेही मला तिचं इंग्रजी अक्षर वाचता येत होतं. विचारतेय मुलगी. डायनिंग टेबल. आणि तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं, बाबा, ऑन द सोफा.